यंदाचा खालचा थर

केमिस्टकडचा बाम संपला की समजायचं, आमचा मोसम आला. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी दुकानात शिरले, तर काउंटरवरचा माणूस मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "ताई, संपला. तुमच्याच बिल्डिंगवाल्यांनी नेला सगळा. उद्या या." दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. मला मात्र अस्सा आनंद झाला की विचारू नका. रिकाम्या हातानं बिल्डिंगमध्ये आले, लिफ्टचं दार उघडलं आणि आतून भस्सकन तो वास अंगावर आला. बाम, घाम, ओली माती आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या वड्यांबरोबरची तळलेली मिरची. वर्षभर ही लिफ्ट फिनाईलच्या वासाची असते. गोकुळाष्टमीपर्यंत मात्र ती आमची असते.

आमची म्हणजे आमच्या महिला गोविंदा पथकाची. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची चाळ होती. आता तिथे टॉवर आहे आणि पूर्वी शेजारीशेजारी राहणारी माणसं आता एकमेकांच्या डोक्यावर राहतात. बाजूला मारुतीचं देऊळ, देवळापुढे मातीचं मैदान. तेवढं बिल्डरच्या हातून सुटलं. तिथे गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. मी पन्नाशीला टेकलेली बाई. घाटकोपरच्या एका ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. पण या दिवसांत संध्याकाळी मेट्रोतून हायवेला उतरले की पायांत कुठून जोर येतो देवाला ठाऊक. रिक्षात बसताबसताच मी म्हणते, "भैया, जरा जल्दी." तो आरशातून बघतो. "क्या हुआ मॅडम, हॉस्पिटल?" मी म्हणते, "नहीं रे, प्रॅक्टिस!"

मी खालच्या थरात उभी राहते. हंडी टीव्हीवर बघणाऱ्यांना खालचा थर दिसतच नाही, कॅमेरा आधीच वर गेलेला असतो. खाली आम्ही दहाबारा जणी गोल करून उभ्या. एकमेकींच्या खांद्यांवर हात गच्च, डोकी आत, माना खाली. आमच्या खांद्यांवर दुसरा थर, त्यांच्यावर तिसरा, मग चौथा आणि सगळ्यात वर एकटी मुलगी. तिला आम्ही एक्का म्हणतो. आम्हाला काय दिसतं? समोरचीचे पाय. कुणी कुठल्या रंगाचं नेलपॉलिश लावलंय, कुणाच्या टाचांना भेगा पडल्यात, कुणी जोडवी काढायला विसरली, हे सगळं मला तोंडपाठ. पण आमचा पाचवा थर कसा दिसतो हे मात्र मला दरवेळी कुणाच्या तरी फोनवर बघावं लागतं.

तक्रार नाही हं. उलट खरी मजा खालीच आहे, असं माझं ठाम मत आहे. वरून भार यायला लागतो, आधी दुसऱ्या थराचा, ओळखीचा, मग त्यावर तिसऱ्याचा. खांदे दबतात, पावलं मातीत रुततात, उजवीकडची श्वास सोडते तेव्हा आपणही सोडतो. आणि मग पोटातून असं काहीतरी वाटतं की आता जगातली कुठलीही व्यक्ती आली, साहेब आला, सासूबाई आल्या, तरी मी इथून हलणार नाही. घरात मला असं कधी वाटत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. तिथे मी दिवसभर हलतच असते.

माझ्या उजव्या हाताला रजनी. चाळीतली माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावरही शेजारीणच, मूळची मालवणकडची, सासरे गिरणीत होते. आता ती सोसायटीतल्या दोन घरी पोळ्या करते आणि उरलेल्या वेळात सगळ्या सोसायटीला सल्ले देते. तिची मुलगी श्रुती, रजनीच्या मालवणीत 'चेडू', हा आमचा एक्का. काटकुळी, चपळ, वर चढताना मांजरीसारखी आवाज न करणारी. आमच्याकडे रीत अशी की कुणाच्या खांद्यावर पाय ठेवण्याआधी त्या खांद्याला हात लावायचा आणि तो आपल्या कपाळाला लावायचा. श्रुती नेहमी माझ्या खांद्यावरून चढायची. रजनीच्या खांद्यावरून कधीच नाही. लहान असताना तिनं एकदा आईवरून चढू का असं विचारलं होतं, तेव्हा रजनीनं डोळे वटारले होते, "आवशीक पाय लावचो नाय!" तेव्हापासून माझा डावा खांदा म्हणजे श्रुतीचा जिना. मला त्याचा चिक्कार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आणि मग गेल्या वर्षीचा मोसम. काय मोसम होता! उरलेला सगळा आषाढ देवळाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाली आम्ही ओरडत होतो. सरावात पाच थर कधी लागायचे, कधी नाही. लागले की आम्ही चिखलात फुगड्या घालायचो आणि नाही लागले की पावसाला शिव्या द्यायचो. घरोघरी पुरुष माणसं पिठलं-भातावर आली होती. माझा नवरा तर म्हणायचा, "श्रावण पाळायची गरज नाही, तुझ्या पथकानं आमचा आषाढातच पाळून घेतला." नाक्यावरच्या हंडीला पाच थरांची सलामी देणारं आमच्या भागातलं पहिलं महिला पथक आम्ही होणार होतो. रजनी तर आधीच लोकांना सांगत सुटली होती.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, दहीकाल्याला, नाक्यावर ही गर्दी. बँजो, शिट्ट्या, गच्चीवरून पाण्याच्या बादल्या. आम्ही गोल केला, वर एकेक थर चढला. श्रुतीनं माझ्या खांद्याला हात लावला, मग तिचा गार, ओला पाय खांद्यावर पडला आणि वर निघून गेला. चौथा थर उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता फक्त ती. आणि तेवढ्यात माझा खांदा एकदम हलका झाला. भार गेला की खालच्या थराला सगळ्यांच्या आधी कळतं. वरच्या शिट्ट्या अजून चालूच होत्या आणि आम्हाला खाली कळलेलं होतं की संपलं. गोल उघडला होता. श्रुती लोकांच्या हातांवर पडली, पण कोपर कुणाच्या तरी हेल्मेटवर आपटलं. रजनी मागे वळली आणि "श्रुतीऽऽ" करत त्या गर्दीत अशी घुसली की पोलीससुद्धा बाजूला झाले.

प्लास्टर, मग व्यायाम, मग कोपर सरळ व्हायला दिवाळी उजाडली. आणि इकडे सगळी बिल्डिंग तज्ज्ञ झाली. क्रिकेटवर बोलतात तसं लोक आमच्यावर बोलायला लागले. सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाले, "वरच्या मुली झकास आहेत हो. खालच्या थराचं काहीतरी करा. तरुण रक्त आणा." वाण्याकडे, पिठाच्या गिरणीत, गणपतीच्या आरतीला एकच चर्चा, यंदाचं गेलं, पण पुढच्या वर्षी तरी खालचा थर टिकणार का? माझा नवरा एकदा जेवताजेवता म्हणाला, "टॉप भारी, मधले भारी, वाट लावली ती बेसनं." मी लाटणं त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "घे. उद्यापासून पोळ्या तू लाट. बघू तुझा बेस." मग महिनाभर तो विषय घरात निघाला नाही.

आमच्याकडे उत्तर तयार होतं. टी-शर्ट! त्या दिवशी सकाळी एका होऊ घातलेल्या नगरसेवकानं आम्हाला नवे टी-शर्ट वाटले होते. चकचकीत, गुळगुळीत कापड, आणि पाठीवर खांद्यापर्यंत त्याचाच हसरा चेहरा. त्या गालांवरून पाय घसरणार नाही तर काय होणार? हे मी सेक्रेटरींना सांगितलं, वाण्याला सांगितलं, ऑफिसातल्या साहेबांनाही सांगितलं. सांगता सांगता इतकं पटलं की मी तो टी-शर्ट फरशी पुसायला घेतला. पाणीसुद्धा टिपत नाही मेला.

यंदा गुरुपौर्णिमेला नारळ फुटला आणि आमच्या सुलभाताईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "टी-शर्ट जुनेच. सुती. आता बघू काय कारण सांगताय." सुलभाताई आमच्या शिक्षक. एकेकाळी कबड्डी गाजवलेली बाई, आता साठीची, पण आवाज असा की देवळातली घंटा आपसूक हलेल. आम्ही जुने, विटलेले, घामाचे डाग पडलेले टी-शर्ट घालून गोल केला. मी मनातल्या मनात सेक्रेटरींना म्हटलं, बघाच आता. दुसरा थर चढला. तिसरा चढला. आणि गोल उघडला.

चौथ्याचा प्रश्नच आला नाही. आम्ही सगळ्या भोवती अंथरलेल्या गाद्यांवर बसून एकमेकींची तोंडं बघत होतो. कारण गेलं होतं आमचं! वर्षभर पोसलेलं, गुटगुटीत कारण.

श्रुती त्या दिवशी आली होती. ती आता अंधेरीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. हात पूर्ण बरा आहे, बादली उचलते, स्कूटी चालवते. ती देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. सुलभाताईंनी विचारलं, "चढणार ना गं?" ती म्हणाली, "खालचं नीट झालं की बघू, ताई." उद्धटपणे नाही, अगदी सरळ. पण रजनीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. श्रुती नाही तर पाच थर नाहीत, हे तर उघडच होतं. दुसऱ्या दोघी मुलींनी करून बघितलं, पण एकीला वर गेल्यावर चक्कर येते आणि दुसरी चढतानाच अर्धी बिल्डिंग गदगदा हलवते. घरी जाताना रजनी मला लिफ्टमध्ये म्हणाली, "ती चढली नाय तरी चलात. पण तिचो माझ्यावर इस्वास नाय गो. ह्या माका लागता." बाराव्या मजल्यापर्यंत बामाचा वास तेवढा होता.

पुढच्या संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. मैदान लोण्यासारखं मऊ. तिसऱ्या थराला पुन्हा तेच झालं आणि आम्ही बाजूला झालो. सुलभाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. फोनचा टॉर्च लावून त्या चिखलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या गं इकडे. हे काय आहे?"

"आमचे पाय," मी म्हटलं.

"गोल आहे का हा? अंडं आहे अंडं!"

खरंच की. आम्ही उभ्या राहिलो तेव्हा नीट गोल होता, चिखलात ठसे दिसत होते. पण प्रत्येकीचा पाय मागाहून घसटत गेला होता, आणि सगळ्यांचे एकाच दिशेला. रजनीकडे. नुसते ठसे वाचूनसुद्धा कळत होतं की सगळा थर तिच्या अंगावर चालून गेलाय आणि पलीकडची बाजू उघडी पडलीय.

"का सरकलीस?" ताईंनी माझ्या समोरच्या बाईला विचारलं.

"रजनी कण्हत होती ना हो. म्हटलं तिला जड होतंय, थोडा भार इकडे घ्यावा."

"आणि तू?"

"मीही तेच."

"तू?"

माझीच पाळी होती. कानाशी "आई गंऽऽ" ऐकू आलं की माझा पाय आपोआप तिकडे जातो. मला कळतही नाही. एकेक करून सगळ्यांचं उत्तर तेच निघालं. सुलभाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बायांनो, मदत कसली करताय एकमेकींना? कुणी सांगितलं होतं मदत करायला? आपापल्या जागी मरा ना!"

आता रजनी पुढे आली. चेहरा असा की जणू तिच्यावर चोरीचा आळ आलाय. "अगो, पण माका काय होवक नाय हुता! मी आपला असाच म्हणतंय!"

आणि हे शंभर टक्के खरं. रजनी गॅसचा सिलिंडर उचलताना "आई गं" म्हणते आणि चहाचा कप उचलतानाही "आई गं"च म्हणते. बसताना म्हणते, उठताना म्हणते, मालिकेत नवीन सून आली तरी म्हणते. आम्हाला हे ठाऊक होतं. शेजारीण म्हणून पुरतं ठाऊक होतं. पण मान खाली गेली, डोळ्यांपुढे नुसती पावलं राहिली की आम्ही ते विसरायचो आणि धावायचो. मी हसायला लागले ती थांबेचना. सगळ्याच हसायला लागल्या, चिखलात बसून, पोट धरून. एकजण तर चक्क लोळली.

रजनी हसत नव्हती. ती पायरीकडे बघत होती. तिथे श्रुती उभी राहिली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या संध्याकाळनंतर मी खूप विचार केला, मेट्रोतसुद्धा. आमच्या अंगाला हे लागलंय कधीपासून? सासऱ्यांना ठसका लागला की हातातलं टाकून पाणी. पोरानं सुस्कारा टाकला की "काय झालं रे?" शेजारच्या टेबलवरची कपाळाला हात लावून बसली की तिची फाइल आपल्याकडे. कुणी मागितलेलं नसतं. बरं, यात वाईट काय, तर काहीच नाही, घरं अशीच चालतात, माझंही चाललंय. फक्त डोक्यावर चार थर असतील तर हे चालत नाही. तिथे शेजारणीला मदत करायची म्हणजे तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, आपण आपल्या दोन पावलांवर खांबासारखं राहायचं. इतकी सोपी गोष्ट, आणि मला कुणी कधी शिकवली नव्हती. मला ती कळल्यावर भीतीच वाटली थोडी, आणि मग जाम आनंद झाला.

पण सोपं कुठलं व्हायला! रजनीनं तोंड शिवून घेतलं. ओठ आवळून उभी राहिली, आणि दुसरा थर चढतोय तोच तिचे गुडघे लटपटायला लागले. न कण्हता तिला श्वासच सोडता येत नाही. ताई म्हणाल्या, "बजरंगबलीचं नाव घे." तिनं घेतलं. "बजरंगबली आई गंऽऽ!" आम्ही पुन्हा सगळ्या तिकडे. दोन-तीन संध्याकाळी अशाच गेल्या. रजनी म्हणायला लागली, "माका काढा. माझ्या जागी कोणाक तरी तरुण बघा." मी तिला असं झापलं की यंव. म्हटलं, "तू गेलीस तर मी पण जाते, मग आणू दे सेक्रेटरींना त्यांचं तरुण रक्त."

तेव्हा सुलभाताई ओरडल्या, "गप्प बसा दोघी! रजनी जाणार नाही. रजनी कण्हणार. सगळ्याच कण्हा! बघू कोण कुणाकडे सरकतं ते."

काय सांगू तुम्हाला. आषाढातली संध्याकाळ, देवळात आरतीची तयारी, आणि मैदानातून दहाबारा धडधाकट बायकांचा एका सुरात आवाज, "आई गंऽऽऽ!" पुजारी समई हातात घेऊन बाहेर आले. रस्त्यावर रिक्षा थांबली. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "ॲम्ब्युलन्स बोलवू का?" आम्हाला हसू येत होतं आणि हसलो तर वरचे पडतील म्हणून आम्ही अजून मोठ्यानं कण्हत होतो. सगळ्याच कण्हतात म्हटल्यावर धावायचं कुणाकडे? पाय जागच्या जागी. तिसरा थर लागला. दुसऱ्या दिवशी चौथा. चिखलात गोल, अगदी ताटासारखा गोल. मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्यानं उलट विचारलं, "हे काय, भाकरी?"

यंदा होणार! मी सगळ्यांना सांगत होते. वाण्याला सांगितलं, केमिस्टला सांगितलं. तो बाम पुढे करत म्हणाला, "म्हणजे अजून लागेल तर." लागेल की! आण पेटीभर. यंदा खालचा थर हलणार नाही, लिहून घे माझ्याकडून. पण एक्का? श्रुती रोज यायची, पायरीवर बसायची, आम्ही बाजूला झालो की उठून चिखल बघायची आणि घरी जायची. चढण्याचं नाव नाही. रजनीही तिला विचारत नव्हती. घरात दोघी एकमेकींना जेवायला वाढतात, भांडीसुद्धा मिळून घासतात, आणि तेवढा एक विषय काढत नाहीत, हे मला भिंतीपलीकडून कळायचं.

काल संध्याकाळी आम्ही गोल करून उभ्या होतो. वर चौथा थर लागत होता. मान खाली असली की आपल्याच दोन पायांच्या मधून मागचं थोडं दिसतं. मला चपला दिसल्या. मग चपला निघाल्या आणि दोन बारीक, गोरी पावलं चिखलात आली. श्रुती! मी डावा खांदा घट्ट केला. म्हटलं, ये गं बाई, जिना तयार आहे तुझा. पावलं माझ्या मागे येऊन क्षणभर थांबली.

आणि पुढे गेली. रजनीच्या मागे.

"आई," ती म्हणाली. "तुझ्यावरून चढते."

वर मुली थांबलेल्या, आमचे खांदे भरून आलेले, सुलभाताईंची शिट्टी ओठांवर तशीच. मग रजनीचा अगदी हळू आवाज आला, "चढ."

रजनीच्या खांद्याला हात लावल्याचा ओलसर आवाज मला ऐकू आला. पाय पडला. आम्ही सगळ्यांनी छाती भरून एकच सूर लावला, "आई गंऽऽऽऽ!" आणि त्या सगळ्या गलक्यात मला माझ्या उजव्या कानाशी एक जागा मोकळी सापडली. रजनी गप्प होती. तिचा श्वास चालू होता, सावकाश, लांब. खांदा माझ्या हाताखाली दगड झाला होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. कुणीच हललं नाही. भार वर वर गेला, एकदा थरथरला, आणि मग सगळा सरळ खाली उतरून आमच्या पायांत येऊन थांबला. सुलभाताईंची शिट्टी वाजली. पाच!

उतरल्यावर आम्ही नाचलो की काय केलं ते नीट आठवत नाही. पुजाऱ्यांनी आरतीआधीच पेढे वाटले. श्रुतीनं फोनचा टॉर्च लावून चिखलातून एक फेरी मारली, सगळे ठसे बघितले आणि आईजवळ येऊन तिच्या खांद्यावरची माती आपल्या ओढणीनं पुसली. गोकुळाष्टमी अजून यायची आहे, नाक्यावर काय होईल ते होईल. मी रजनीला बाजूला घेऊन म्हटलं, "काय गं, सगळ्या ओरडत होत्या आणि तू एकटी गप्प? जीव घाबरला ना माझा."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"चेडवाचो कसलो भार गो?" ती म्हणाली.

मग चपला उचलायला वाकली आणि कळवळून ओरडली, "आई गंऽऽ!" आणि आम्ही सगळ्याजणी तिला धरायला धावलो.